साठ तलंगा, दीड वर्ष आणि टरफलाची कटकट : हॅचरीचा रिव्ह्यू (५ पैकी ३)

आधीच सांगते, हॅचरीचं नाव टाकणार नाहीये. माणूस वाईट नाही, फोन उचलतो, आणि मी खाली जे लिहिणारे ते नाशिकच्या आसपास आणखी चार ठिकाणी घेतलं असतं तरी बहुतेक हेच झालं असतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ६० तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. मखमलाबादच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे, कडेला पॅकिंगचा जुना शेड रिकामा पडलेला, ह्यांचं म्हणणं तिथे ट्रॅक्टर लावू, माझं म्हणणं कोंबड्या, आणि शेवटी ट्रॅक्टर अजून आंब्याखालीच उभा असतो.

तर २५ ग्रामप्रिया म्हणून, २० आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड म्हणून आणि १५ कडकनाथ. हे "म्हणून" मुद्दाम लिहितीये. वय साडेतीन महिने, पहिल्या दोन्ही ३२० रुपयाला एक, कडकनाथ ५०० ला. जे चांगलं ते आधी. लसीचं कार्ड नीट भरलेलं होतं, मरेक्स, लासोटा, गंबोरो सगळ्याच्या तारखा होत्या, पक्षी अंगाने भरलेले, पायावर खवले स्वच्छ, पहिल्या महिन्यात मरतूक फक्त दोन. सगळ्या माद्याच देतो म्हणाले होते आणि दिल्या पण, एक कडकनाथ सोडून, जी एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला आरवायला लागली. फोन केला तर हसले आणि म्हणाले ठेवा ताई, कामाला येईल. त्याचं पुढे सांगते.

जूनपर्यंत रोजची पस्तीस-छत्तीस अंडी निघायला लागली. शनिवारी मी गंगापूर रोडला दोन सोसायट्यांमध्ये ट्रे घेऊन जाते, १४ रुपयाला अंडं, हातोहात जातं. तिथल्या एका ताईंनी माझ्यासमोर ट्रेमधून अंडं उचललं आणि ते त्यांच्या बोटात बसलं, म्हणजे अंगठ्याने दाबलंही नव्हतं हो, नुसतं धरलं आणि अंगठा आत, बलक त्यांच्या बांगडीवर. त्या काही बोलल्या नाहीत पण पुढच्या शनिवारी दार उघडलं नाही. घरी आल्यावर मोजलं तर त्या आठवड्यात ट्रेमागे तीन-चार चिरलेली निघत होती.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, खाद्याला धरलं. शिंपल्याचा चुरा वाढवला, कॅल्शियमची बाटली आणली, पाण्यात टाकली, कोणी म्हणे चुन्याची निवळी द्या ती पण दिली. वर उन्हाळा होता ते आणखी एक कारण. नाशिकचा मे आता चाळिशीला टेकतो, कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्या धापेत कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि टरफलाला लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं, त्यामुळे उन्हाळ्यात टरफल पातळ होतंच. हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण पाऊस लागला, हवा गार झाली, जुलै संपत आला तरी ट्रेमागे तीन-चार हे काही हटेना.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे दोन अंडी रुमालात गुंडाळून घेऊन गेले. त्यांनी अंडी बघितली सुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, "सगळीच पातळ येतात का काहीच?" आणि मला उत्तर देता आलं नाही. चार महिने मी ट्रे भरत होते आणि कुठली कोंबडी कसलं अंडं देते हे बघितलंच नव्हतं.

घरी येऊन द्राक्षाच्या प्लास्टिक क्रेटचे ट्रॅपनेस्ट केले, म्हणजे कोंबडी आत गेली की झडप पडते, आपण जाऊन सोडवायची आणि अंड्यावर पेन्सिलीने तिचा नंबर टाकायचा. पायात रंगीत केबल टाय. तीन आठवडे दर तासाला शेडमध्ये खेप, सासूबाई म्हणाल्या एवढी तर तू पोरांच्या परीक्षेला उठली नव्हतीस. पुतण्या अंबडला एका कंपनीत टूलरूमला आहे, त्याच्याकडून मायक्रोमीटर आणला. रीत सोपी आहे, अंडं फोडायचं, टरफल धुवायचं, आतला पापुद्रा अंगठ्याने सोलून काढायचा, दोन दिवस वाळवायचं, मग मधल्या भागाचा नखाएवढा तुकडा धरून मोजायचं. पापुद्रा काढला नाही तर आकडा फुगतो, पहिली वीस अंडी माझी त्यातच वाया गेली.

निकाल असा की ५० च्या वर कोंबड्यांपैकी फक्त नऊ जणी सगळा घोळ घालत होत्या. सात "ग्रामप्रिया", दोन आरआयआर. त्यांचं टरफल ०.२७, ०.२८, कधी ०.२९ मिलिमीटर. बाकीच्यांचं ०.३४ ते ०.३७. आणि एक हिरव्या रिंगवाली आहे, तिचं ०.३८ च्या खाली कधीच नाही, तिचं अंडं वाटीच्या काठावर दोनदा आपटावं लागतं. आता ह्या सगळ्या एकाच गव्हाणीत खातात, एकच पाणी पितात, एकाच दिवशी आल्यात, वय एक, लसी त्याच. फरक राहिला तो रक्तातला. आणि प्रत्येकीचं अंडं रोज तसंच्या तसं येतं हेही तेव्हाच कळलं, कोणाचं निमुळतं, कोणाचं गोल, एकीच्या अंड्यावर बारीक चट्टे तर रोज चट्टे. आता मी नंबर न बघता दहा-बारा जणींचं अंडं ओळखते.

परत डॉक्टरांकडे वही घेऊन गेले तेव्हा मात्र ते अर्धा तास बोलले. एका टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि कोंबडीच्या अख्ख्या अंगात कॅल्शियम असतं जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रोज ती अंगातल्या दहाव्या हिश्शाएवढं बाहेर टाकते. अंडं आतमध्ये टरफलाच्या पिशवीत वीसेक तास थांबतं आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, म्हणून शिंपल्याचा जाडा चुरा संध्याकाळी द्यायचा, पीठासारखा बारीक नाही, जाडा पोटात रेंगाळतो आणि रात्रभर झिरपत राहतो. (हे मला दुकानदाराने, बाटलीवाल्याने, कोणीच सांगितलं नव्हतं.) पण खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून किती उचलायचं, हाडातून किती काढायचं, टरफल विणायला जी प्रथिनं लागतात ती कशी बनवायची, ह्या सगळ्याचा हिशेब जनुकांत असतो. एका जातीच्या कोंबड्यांमध्ये अंड्याच्या वजनात जो फरक दिसतो त्यातला जवळपास निम्मा आनुवंशिक, टरफलाच्या मजबुतीत साधारण पाव ते तिसरा हिस्सा, आणि वर्षाला किती अंडी देते त्यात आणखी कमी. उरलेलं खाद्य, ऊन, वय, आजार. म्हणजे मी बाटल्या ओतत होते ते अगदीच वेडेपणा नव्हता, पण ज्या नऊ जणींना देत होते त्यांच्यात ते घ्यायची ऐपतच कमी.

दुसरी गंमत वजनाची. माझ्या त्या नऊमधल्या सहा जणींची अंडी सगळ्यात मोठी आहेत, ६२-६५ ग्रॅमची, आणि मी खुळ्यासारखी त्याच कोंबड्यांवर खूश होते. अंडं मोठं झालं म्हणून कोंबडी टरफलाचा माल त्या मानाने वाढवत नाही, गोळा तेवढाच आणि पोळी मोठी लाटली की पातळच होणार. वय वाढलं की अंडं मोठं होत जातं आणि टरफल पातळ, ते पण ह्याच हिशेबाने. म्हणून मोठ्या ब्रीडर म्हणजे जाती तयार करणाऱ्या कंपन्या निवड करताना नुसता आकार किंवा नुसता आकडा धरत नाहीत, प्रत्येक कोंबडीची अंडी यंत्रात दाबून बघतात, रंग मोजतात, पांढऱ्याची उंची मोजतात. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-३०० जी आपल्याकडच्या लेअर म्हणजे अंड्यांच्या फार्मवर सगळीकडे दिसते, किराणा दुकानातलं पांढरं अंडं बहुतेक तिचंच, ती अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेली. आपण गावठी गावठी करतो पण टरफलाच्या बाबतीत ते स्वस्तातलं पांढरं अंडं माझ्या नऊ जणींपेक्षा चांगलं निघालं, मी मोजलंय, ०.३५.

आता रिव्ह्यूचा खरा मुद्दा. मी हॅचरीला फोन केला, म्हटलं भाऊ, ग्रामप्रियाचे पेरेंट, म्हणजे ज्यांच्या अंड्यांतून ही पिल्लं काढता ते आईबाप पक्षी, कुठून आणता. ते म्हणाले, "पेरेंट म्हणजे? आपल्याकडच्याच कोंबड्यांची अंडी बसवतो की ताई." हे अगदी सरळ मनाने सांगितलं, लपवायचं असं काही त्यांना वाटतच नव्हतं. इथेच दोन स्टार गेले. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली, वेगवेगळ्या ओळींचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राखलेल्या वंशांचा, संकर करून. पहिल्या पिढीत सगळ्या सारख्या निघतात, पण त्यांचेच कोंबडे त्यांच्याच कोंबड्यांवर सोडले की पुढची पिढी फाटते, एक आजीवर जाते एक आजोबावर, कोणाचं अंडं ४५ ग्रॅमचं कोणाचं ६५ चं, कोणी तपकिरी कोणी फिकट. द्राक्षवाल्यांना हे समजवायला नको, आपण डॉगरिजच्या खुंटावर हव्या त्या द्राक्षाचा डोळा भरतो, बी लावून कोणी बाग उभी करत नाही. ह्यांना हे सांगितलं तर एका वाक्यात कळलं, "मग त्यांनी आपल्याला रोपं विकली, कलमं म्हणून." तेच.

आणि सोबत कोंबडा कुठला होता ते पण त्यांना माहीत नाही. लोक कोंबडा बघताना तुरा बघतात, वजन बघतात, पिसारा बघतात. पण कोंबडा अंडं देत नसला तरी त्याच्या लेकी देतात, आणि त्यांच्यात अर्धं त्याचं असतं. पक्ष्यांत तर आपल्यापेक्षा उलटं असतं, लिंगाचं झेड गुणसूत्र नराकडे दोन आणि मादीकडे एकच, आणि लेकीचं ते एकुलतं एक झेड बापाकडूनच आलेलं असतं. त्यामुळे ज्या कोंबड्याची आई, बहिणी कसली अंडी द्यायच्या हे माहीत नाही तो कितीही देखणा असला तरी मी आता घेणार नाही. आमच्या त्या आरवणाऱ्या कडकनाथाला बाजूला ठेवलंय, देखणा आहे, बुधवारच्या बाजारात लोकांनी दोनदा मागितला. पण त्याच्या आईचं टरफल कुणाला ठाऊक.

माशाच्या वासाची तक्रार ही वेगळीच. सप्टेंबरमध्ये सोयाबीन पेंड महाग झाली म्हणून मी एक पोतं मोहरीची पेंड मिसळली. दहा दिवसांत एका घरून फोन, अंड्याला बोंबलाचा वास येतो. मी म्हटलं फ्रीजमध्ये मासे असतील. त्या म्हणाल्या आमच्याकडे मासे येतच नाहीत. मग एका सकाळी नंबराप्रमाणे एकेक अंडं तव्यावर फोडत गेले आणि खरंच, तीन आरआयआरच्या अंड्यांना वास, बाकी एकालाही नाही, खाद्य तर सगळ्यांना तेच. ह्यांनी तेव्हापासून हाफ फ्राय सोडलंय. ह्याचं कारण जनुकात आहे आणि चक्क सापडलेलं आहे, २००५ साली फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं. एफएमओ३ नावाचं जनुक यकृतात एक एन्झाइम बनवतं जे ट्रायमिथाइलअमिन ह्या वासाच्या पदार्थाला निकामी करतं. काही तपकिरी अंड्यांच्या ओळींमध्ये त्या जनुकात बिघाड असतो, आई आणि बाप दोघांकडून तो आला की कोंबडीला ते जमत नाही आणि वास थेट बलकात उतरतो. मोहरीची पेंड किंवा फिशमील दिलं की मगच तो उघडा पडतो, एरवी वर्षभर कळतही नाही. पेंड बंद केली, वास गेला. पांढऱ्या अंड्यांच्या लेगहॉर्न जातीत हा प्रकार नाही. मोठ्या कंपन्यांनी टेस्ट करून आपल्या ओळींतून हे काढायला घेतलं, आणि आपल्या हॅचरीला पेरेंट म्हणजे काय ते माहीत नाही, त्यामुळे हे कोणाच्या अंगात आहे ते ग्राहकाच्या तव्यावरच कळणार.

रंगाबद्दल लोकांचे एवढे गैरसमज आहेत की गंगापूर रोडच्या ताईंसाठी एकदाचं लिहून टाकते. तपकिरी म्हणजे गावठी आणि पांढरं म्हणजे इंजेक्शनचं, असं काही नाही. रंग जातीचा. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन नावाचा, तो शेवटच्या काही तासांत वरच्यावर चढतो, म्हणून टरफलाच्या आत बघितलं तर पांढरं दिसतं. ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना, व्हिनेगरने घासलं आणि रंग निघाला तर अंडं चहापत्तीने रंगवलेलं, ते खोटं आहे, खऱ्या तपकिरी अंड्याचा रंग पण व्हिनेगरने निघतो कारण तो वरच असतो. आणि कडकनाथाचं अंडं काळं नसतं हो. मटण, कातडी, हाड काळं, पण अंडं फिकट बदामी, लहानसं, आमच्याकडे ४५ च्या आसपास भरतं. काळेपणाचं जनुक वेगळं, टरफलाच्या रंगाचं वेगळं. बलक पिवळा-केशरी होणं हे मात्र जवळपास पूर्ण खाण्याचं, मका, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या. तिथे जातीचं कौतुक करू नका.

रक्ताचा ठिपका दिसला की एका काकूंनी अख्खा ट्रे परत दिला, आमच्याकडे अंडं चालतं पण रक्त नाही म्हणून. पिल्लू नसतं ते, बलक सुटताना बारीक शीर फुटते एवढंच. काही कोंबड्यांत ते जास्त असतं आणि लेकींतही उतरतं. मी पैसे परत दिले, काय करणार.

ह्याच हॅचरीवाल्या भाऊंनी दिवाळीत निळं अंडं देणाऱ्या पिल्लांचा फोटो पाठवला, ६०० रुपये नग. निळं अंडं खरं असतं, त्यात फसवणूक नाही. चिलीतल्या अरौकाना कोंबड्यांत ते सापडतं, आणि २०१३ मध्ये कळलं की फार जुन्या काळी एका विषाणूचा तुकडा त्यांच्या एका जनुकाच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यामुळे बिलिव्हर्डिन हा निळा रंग टरफलात उतरायला लागला, तो आतपर्यंत निळा असतो, तपकिरीसारखा वरवरचा नाही. आई किंवा बाप एकाकडून आलं तरी निळं दिसतं, म्हणून तर तपकिरीवाल्याशी संकर केला की हिरवट अंडं मिळतं. पण मी विचारलं की पिल्लांचे दोन्ही पालक तुमच्याकडे आहेत का, दाखवता का. ते म्हणाले सुरतेहून आणलीत. राहू दिलं.

त्या नऊ जणींचं काय केलं ते विचाराल. विकल्या नाहीत, अंडी आता घरी आणि ओळखीच्या एका बेकरीत जातात, फोडायचीच असतात तर टरफलाचं काय. हिरव्या रिंगवालीची आणि आणखी पाच जणींची अंडी मी सासूबाईंच्या देशी खुडूक कोंबडीखाली बसवली, कोंबडा मळ्यातल्या शेजाऱ्यांकडून आणला, त्याची आई आणि दोन बहिणी बघून, अंडी मोजून. खुडूक बसणं पण रक्तातलंच, लेअर ओळींतून ते निवडून काढून टाकलंय, माझ्या ५० पैकी एकही धड खुडूक बसत नाही. सासूबाई बसवायची अंडी निवडताना दोन अंडी एकमेकांवर हलकेच टिचकवतात आणि कानाशी धरतात, खणखणीत वाजलं तर ठेवतात, बद्द वाजलं तर भाकरीबरोबर खायला. त्यांनी निवडलेली आणि मी मायक्रोमीटर लावलेल्या कोंबड्यांची यादी ताडून बघितली, बारापैकी दहा तीच. माझे तीन आठवडे आणि पुतण्याचं मायक्रोमीटर.

त्या लेकी मागच्या महिन्यात अंड्यावर आल्या. अकरा माद्या, अजून अंडी लहान आहेत त्यामुळे फार उड्या मारत नाही, लहान वयात टरफल चांगलंच असतं. ह्या अकरापैकी नऊ जणींचं ०.३५ च्या वर, दोघींचं ०.३१. खरं चित्र वर्षाने कळेल.

स्टारचा हिशेब : पक्ष्यांची तब्येत ५, लसी ५, बोलणं-वागणं ५, जातीची खात्री १, आणि एक कोंबडा कोंबडी म्हणून दिला त्याचे पैसे अजून परत दिले नाहीत. धरून ३. घरी खायला पाच-दहा कोंबड्या हव्या असतील तर बिनधास्त घ्या, स्वस्तात तब्येतीचा पक्षी मिळतो. अंडी विकायची असतील तर आधी विचारा पेरेंट कुठले, त्यांचा शेड दाखवा म्हणा, आणि पेरेंटची चार अंडी विकत घेऊन घरी फोडून बघा, ५६ रुपये जातील फक्त.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, उन्हात तलंगा गाडीत गुदमरतात. स्वतःचे क्रेट न्या, त्यांच्या खोक्याचे ते ४० रुपये वेगळे लावतात आणि तळ फाटका असतो. दुपारी दोन ते चार बंद.